मेंढी, दूध आणि वही

मंडळी, गाय माजावर आली की आपण ती भरवून घेतो. डॉक्टर येतात, थंड भांड्यातली गोठवलेल्या रेताची कांडी काढतात. वळू लागत नाही. मेंढीला असे करता येते का?

येते, पण मेंढीची तऱ्हा वेगळी. फ्रान्स देशात रॉकफोर नावाचे गाव आहे. तिथे डोंगरातल्या गुहांत मेंढीच्या दुधाचे चीज मुरवतात. त्या मुलखातले लोक लाकोन जातीच्या मेंढ्या दुधासाठीच पाळतात. मेंढी व्याली तर दूध. भाकड राहिली तर चाऱ्याचा खर्च अंगावर! म्हणून रेतनाला ते फार जपतात.

पहिली अडचण माजाची. गाय हंबरून सांगते, मेंढी सांगत नाही. जवळ मेंढा असला तरच तिचा माज कळतो. एकेकीची वाट कुठवर पाहायची? म्हणून औषध लावलेला स्पंज १४ दिवस मेंढीच्या योनिमार्गात ठेवतात. तो काढला की एक इंजेक्शन देतात. मग साऱ्या मेंढ्या बरोबरीने माजावर येतात. स्पंज काढल्यावर ५५ तासांच्या सुमारास रेतन करतात.

दुसरी अडचण आतली. मेंढीच्या गर्भाशयाच्या तोंडाची वाट अरुंद आणि वाकडीतिकडी. नळी आत जात नाही. रेत तोंडाशीच सोडावे लागते. गोठवलेले रेत अशक्त झालेले असते, त्याला ती वाट झेपत नाही. म्हणून तिथे ताजे रेत १५ अंशांवर ठेवतात आणि त्याच दिवशी वापरतात.

एवढे करूनही शंभरातल्या साठ-पासष्ट मेंढ्याच गाभण राहतात. उलटलेल्या मेंढ्या कळपातल्या मेंढ्याकडून फळवून घेतात.

मग हा खटाटोप कशाला? मेंढा स्वतः दूध देत नाही. त्याचा गुण लेकींच्या दुधावरून कळतो. रेतनामुळे एकाच मेंढ्याच्या लेकी अनेक कळपांत होतात. त्यांचे दूध मोजले की बाप कसा ते समजते. पण त्यासाठी प्रत्येक मेंढीचा नंबर, तिचा बाप, रेतनाची तारीख आणि दूध लिहून ठेवावे लागते. लिहिले नाही तर सारी मेहनत वाया!

आपल्याकडे मेंढ्या मुख्यतः मांसासाठी पाळतात. तरी वही आपल्याही कामाची आहे. आता तुम्हांला लिहिता येते. कोणती मेंढी कधी व्याली, कोणती भाकड राहिली, कोणाचं कोकरू जगलं, ते लिहा. दोन-तीन वर्षांनी कोणती ठेवावी आणि कोणती विकावी, हे वहीच सांगेल. आम्हांला सांगावे लागणार नाही.