आम्ही अपात्र आहो काय?

वाशीम जिल्ह्यात रिसोडकडील एका गावी कीर्तन आटोपले. मंडळी बुक्का लावून गेली. एक वृद्ध गृहस्थ मात्र खांबाआड उभेच. जवळ बोलावले, तेव्हा म्हणाले, "महाराज, पथ्य मोडलं, म्हणून माळ खुटीले टांगली. आता ह्या तोंडानं नाव कसं घेऊ?" आम्ही विचारले, "माळ उतरल्यावर मन निवले का?" म्हणाले, "नाही जी. एकादशीही सुटली."

सज्जनहो, येथेच भेद ओळखावा. अनुताप देवाकडे तोंड वळवितो. ग्लानि पाठ फिरवायला लावते. चुकीने नाम वाढले तर तो अनुताप, नाम सुटले तर ती ग्लानि. गीतेच्या सहाव्या अध्यायातील पाचव्या श्लोकात भगवंत सांगतात की, आपणच आपल्याला वर काढावे, खचू देऊ नये. नवव्या अध्यायातील ३० व ३१ हे श्लोक पाहा. मोठा दुराचारीही अनन्यभावे भजू लागला, तर त्याला साधूच मानावे, कारण त्याचा निश्चय चांगला; तो लवकरच धर्मात्मा होतो. क्रम ध्यानी घ्या. आधी शुद्ध व्हा, मग भजा, असे देव म्हणत नाहीत. भजन आधी, शुद्धी मागून.

कोणी म्हणेल, लोकच आम्हांला हीन लेखतात, त्याचे काय? त्यास उत्तर चोखोबा. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा हे त्यांचे जन्मगाव मानतात. देवळात पाऊल टाकू दिले नाही, तरी त्यांनी नाम टाकले नाही. १३३८ साली मंगळवेढ्यास भिंत कोसळून ते गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी दिली. ते दार सर्वांस उघडायला मात्र १९४७ साल उजाडले, आणि तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर! अपात्र कोण होते? चोखोबा नव्हेत, दार लावणारे.

म्हणून रात्री निजण्यापूर्वी घटकाभर स्वस्थ बसावे. हे हीनपण लोकांनी लादले, की आपल्या हातून खरेच चुकले, हे पाहावे. लादलेले असेल तर ते आपले नव्हेच, टाकून द्यावे. चुकले असेल तर देवापुढे एकदा स्पष्ट बोलावे, उगाळीत बसू नये. मग हरिपाठ म्हणावा.

त्या गृहस्थांस आम्ही एवढेच सांगितले, "बाबा, ज्यांचे हातून माळ घेतली त्यांचेकडे जा, चूक सांगा, अन् पुन्हा माळ घ्या. खुंटीला माळेचा काय उपयोग? ती गळ्यासाठीच आहे."

रामकृष्णहरि!