एका दाबाचे खेळणे

चाकूर

चि. अभिजित,

सेरेब्रल पाल्सी असलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलासाठी खेळणे करायचे, तर आधी त्याची एक हालचाल शोधावी लागते. पंजा, कोपर, गाल, पाऊल यांपैकी जे त्याच्या मनाप्रमाणे, पुन्हापुन्हा, न थकता हलते ते. बहुधा आईला ते ठाऊक असते; थेरपिस्टकडून पक्के करावे. लातूरजवळ हरंगुळला अशा मुलांसाठी ‘संवेदना’ प्रकल्प आहे. सोल्डरिंग गन हाती घेण्याआधी तशा ठिकाणी चार दिवस नुसते बघत बसावे.

नवे घडवण्यापेक्षा बाजारातले सेलवरचे खेळणे बदलून घेणे सोपे. त्याचे बारीक बटण या मुलांना दाबता येत नाही, म्हणून बटणाचे काम बाहेरच्या मोठ्या स्विचकडे द्यायचे. तांब्याचे दोन पातळ तुकडे, मध्ये प्लास्टिक. दोन्ही तुकड्यांना डाग देऊन एकेक वायर, आणि टोकाला ३.५ मिमीचे मोनो सॉकेट. हा थर सेल आणि त्याला टेकणाऱ्या पत्तीच्या मध्ये सरकवला की सर्किट तुटते, सॉकेटला जोडलेला तळहाताएवढा स्विच दाबला की जुळते. प्रत्येक खेळण्याला हे चालत नाही. खेळणे चालू ठेवून एक सेल काढून परत बसवावा. आपोआप सुरू झाले तर जमले. नाहीतर आतल्या बटणाच्याच दोन टोकांना वायरी जोडाव्या लागतात.

खेळणे टाळ वाजवणाऱ्या माकडाचे असेल, तर स्विच दाबल्याबरोबर त्याने टाळ वाजवले पाहिजेत. उशीर झाला तर ‘मी दाबले म्हणून वाजले’ हे मुलाला उमगत नाही. दिवे, गाणी, तीन-तीन आवाज भरणे ही करणाऱ्याची हौस. मोठ्या आवाजाने मूल दचकून ताठ होते आणि हात स्विचवरून सुटतो. नजर अधू असेल तर काळ्या फडक्यावर एकच पिवळी वस्तू ठेवावी. ऐकू येत नसेल तर थरथर द्यावी. स्विच वेलक्रोने टेबलाला बसवावा.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात ३१.७ मिमी व्यासाच्या चाचणीच्या नळकांड्यात मावणारा सुटा भाग चालत नाही. मूल मोठे असूनही वस्तू तोंडात घालत असेल, तर त्यालाही हाच नियम. बटण-सेल टाळावेत; गिळल्यास दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. विकायचे ठरले, तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे.

सगळेच सेलवर हवे असेही नाही. पांगुळगाड्याच्या तळाशी वाळूची पिशवी बांधली तरी तो हातून पळत नाही.

खेळण्याचा आवाज थांबताच मूल आपणहून स्विचकडे हात नेऊ लागले, की दोन स्विच आणि दोन खेळणी समोर ठेवावीत. हवे ते निवडू द्यावे. पुढे हाच स्विच मुलाच्या वतीने बोलणाऱ्या यंत्रालाही जोडता येतो, कारण अशा बहुतेक यंत्रांचे सॉकेटही ३.५ मिमीचेच असते.

— काका