माइकवरून पुकारलेली नावं

कर्जत-खालापूरच्या गावांत भातकापणी उरकली की कबड्डीचे आणि टेनिस क्रिकेटचे सामने सुरू होतात. तिथं समालोचन करता करता संघांच्या नावांबद्दल काही मतं पक्की झाली.

१. पुकारायचं ते गावाचं नाव. एकाच दिवशी दोन-तीन 'जय हनुमान' मैदानात उतरतात. मग कशेळे, कडाव, चौक, वावोशी असंच म्हणावं लागतं. माणसंही गावासाठीच आलेली असतात.

२. देवाच्या नावाचा संघ हरत असेल तर माइकवरून थट्टा नको. 'गावदेवी ऑल आउट' हे म्हाताऱ्यांना अजिबात खपत नाही.

३. जनावरांची नावं जपून घ्यावीत. आपल्या फुटबॉल संघाला 'ब्लू टायगर्स' म्हणतात. बांगलादेशचे क्रिकेटवालेही वाघच. वाघ हरला की लोक लगेच त्याची मांजर करतात. दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ हरणाच्या नावाचा, 'स्प्रिंगबॉक्स', आणि त्यानं १९९५, २००७, २०१९, २०२३ असे चार विश्वचषक नेले!

४. रंग मात्र टिकतो. १९०५ च्या ब्रिटन दौऱ्यात न्यूझीलंडच्या रग्बी संघाचं 'ऑल ब्लॅक्स' हे नाव गाजलं. पुढे त्यांचे क्रिकेटवाले 'ब्लॅक कॅप्स' झाले, बास्केटबॉलवाले 'टॉल ब्लॅक्स'. आपले 'मेन इन ब्लू' टीव्हीवर शोभतात. आमच्या मैदानावर 'आपली पोरं' म्हटल्याशिवाय टाळी पडत नाही.

५. सगळ्यात जास्त जिंकणारा संघ बिननावाचा राहू शकतो. २००७ चा कबड्डी विश्वचषक पनवेलला झाला, खालापूरला लागून असलेल्या तालुक्यात. अंतिम सामन्यात भारतानं इराणला हरवलं. २००४ ला मुंबईत आणि २०१६ ला अहमदाबादेतही हेच घडलं. २०१२ ला पाटण्यात महिलांनी पहिला विश्वचषक जिंकला. एवढं सगळं होऊनही भारताच्या कबड्डी संघाला लोकांच्या तोंडी बसलेलं टोपणनाव नाही. २०१४ ला प्रो कबड्डी आली आणि 'यू मुंबा', 'पुणेरी पलटण' मात्र शाळेतली पोरंसुद्धा घोकू लागली. पैसा आणि टीव्ही असला की बारसं लवकर होतं, दुसरं काय!

६. नाव लोकांना विचारूनही ठेवता येतं. ऑस्ट्रेलियाच्या महिला फुटबॉल संघाचं 'मटिल्डाज' हे नाव १९९५ साली टीव्हीच्या प्रेक्षकांनी मतं देऊन निवडलं. रायगडात तर गल्लोगल्ली कबड्डीचे जाणकार आहेत. तेव्हा भारताच्या कबड्डी संघासाठी एखादं चांगलं नाव सुचवा. फक्त ते एका दमात पुकारता येईल एवढं बघा.