नाताळचं ताट : केक सोडून बाकी सगळं

डिसेंबर उजाडला की हॉस्टेलवर मला ठरलेला प्रश्न येतो, "काय रे, केक कधी आणतोस?" मित्रहो, केक येईल. पण नाताळ = केक हे समीकरण आमच्या वसईत तरी सुटत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही ईस्ट इंडियन. नाव इंग्रजी, माणसं मात्र इथल्याच मातीतली. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. राज्य गेलं, पण मधल्या दोनशे वर्षांत आमच्या चुलीवर व्हिनेगर आलं ते कायमचंच. 'ईस्ट इंडियन' हे नाव तर त्यानंतरचं, १८८७ सालचं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलेलं.

आमच्या नाताळची तयारी खरं तर मे महिन्यातच सुरू होते. कडक उन्हात मिरच्या, धणे, हळद वाळवायची, भाजायची, कुटायची आणि तो मसाला बियरच्या गडद बाटल्यांत ठासून भरायचा. म्हणून तो 'बॉटल मसाला'. उजेड नाही, हवा नाही, त्यामुळे वर्षभर रंग आणि वास टिकतो. (आतली बियर कोण संपवतं हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा!)

सणाचं मुख्य जेवण म्हणजे सोरपोतेल. डुकराचं मांस आणि काळीज आधी उकडायचं, मग अगदी बारीक चिरून मसाला-व्हिनेगरमध्ये शिजवायचं. हे पंचवीस तारखेला करायचं नसतं! आई बावीस-तेवीसलाच करून ठेवते आणि रोज एकदा गरम करते. व्हिनेगरमधल्या आम्लामुळे जंतूंची वाढ रोखली जाते, शिवाय आंबटपणा मांसात मुरतो. फ्रीज नव्हते तेव्हाची ही युक्ती. सोबत फुगिया. मैदा, अंडी, नारळाचं दूध यांचं सैलसर पीठ पूर्वी ताडी घालून फुगवत, आता यीस्ट. ते मुठीत घेऊन अंगठ्याजवळून पिळायचं, गोळा थेट कढईत. आजीचे गोळे एकसारखे गोल, माझ्या गोळ्यांना शेपटी.

पण माझ्या मते खरा नाताळ कुलकुलांचा. मैद्याची छोटी गोळी नव्या कोऱ्या फणीवर किंवा काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळली की शंखासारखा आकार येतो. तळायचं, वर साखरेचा पाक. कृती सोपी, पण किलोभर मैद्याच्या शेकडो गोळ्या होतात. एकट्याचं हे कामच नव्हे. म्हणून सगळं घर जमिनीवर गोल करून बसतं. गावातली लग्नं, भांडणं, कोण दुबईला गेलं, सगळं तिथेच कळतं.

मग ताटं भरायची. कुलकुल, खोबऱ्याच्या वड्या आणि नेवऱ्या, म्हणजे तुमच्या करंज्याच. वर विणलेला रुमाल. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून फराळाचं ताट येतं, त्याची ही परतफेड. त्या अंडं खात नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी कुलकुल वेगळे, बिनअंड्याचे, आणि ते आधी तळायचे, तेल कोरं असताना. हा नियम आमच्याकडे कोणी लिहून ठेवलेला नाही, पण मोडलेलाही मी पाहिला नाही.

अलीकडे एक अडचण आहे. ताई लग्न होऊन पुण्याला गेली, आजीला खाली बसवत नाही, आणि आमची परीक्षा नेमकी डिसेंबरात. फराळ ऑर्डरवर करून देणाऱ्या बायका आता वसईत पुष्कळ आहेत, आणि चांगलं करतात. बाबा दरवर्षी म्हणतात, "मागवून टाकू." नेवऱ्या दोन वर्षांपासून विकतच्याच येतात. कुलकुलांवर मात्र आई अडून बसली आहे. परवा फोनवर तिने एवढंच विचारलं, "तुझा शेवटचा पेपर कितीला?" मी म्हटलं, "एकवीसला." "बरं. मग बावीसला पीठ भिजवते. येताना एक-दोन मित्रांना घेऊन ये, फण्या आहेत घरात."

तेव्हा मित्रहो, ज्यांना यायचं त्यांनी माझ्या रूमवर नाव द्यावं. लोकल विरारची पकडायची, आणि खाली मांडी घालून बसता आलं पाहिजे.