फ्लक्स म्हणजे काय? पाटाच्या पाण्यापासून डालग्यापर्यंत



आजचा पाठ जरा वरच्या वर्गाचा आहे. मी स्वतः चौथीला शिकवते, शिक्षण बारावी सायन्स आणि डी.एड. पण गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गणिताचा पेपर एकदा राहिलाय. म्हणाला, "बाई, बाकी जमतं, पण फ्लक्स काही डोक्यात शिरत नाही. यंदाही राहिला तर घरचे म्हणतात, शिक्षण बास कर." मी त्याचं पुस्तक ठेवून घेतलं, चार रात्री बसले. जे मला समजलं ते त्याला सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते.

१) आधी पाटाचं पाणी बघू

पाटात प्रत्येक ठिकाणी पाण्याला वेग असतो आणि दिशाही असते. प्रत्येक बिंदूला असा एक बाण चिकटलेला आहे असं समजा. या सगळ्या बाणांना मिळून सदिश क्षेत्र म्हणतात.

आता ०.५ मीटर लांब आणि ०.४ मीटर रुंद अशी तारेची रिकामी चौकट पाण्यात पूर्ण बुडवून धरा. क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर. पाण्याचा वेग सेकंदाला ०.५ मीटर. चौकट प्रवाहाला आडवी धरली तर दर सेकंदाला तिच्यातून ०.५ × ०.२ = ०.१ घनमीटर, म्हणजे १०० लिटर पाणी जाईल. हाच फ्लक्स. पावसाळ्यात धरणातून इतके क्युसेक पाणी सोडलं असं आपण बातमीत ऐकतो ना, तेही हेच. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८.३ लिटर.

२) चौकट तिरकी केली तर?

चौकट वळवत नेऊन प्रवाहाला समांतर केली, तर पाणी बाजूने निघून जातं, आतून काहीच जात नाही. म्हणजे वेग तोच, क्षेत्रफळ तेच, तरी फ्लक्स शून्य! म्हणून चौकटीला काटकोनात उभी असलेली दिशा महत्त्वाची. तिला लंब दिशा म्हणू. प्रवाह आणि लंब यांच्यातला कोन घ्यायचा आणि त्याच्या कोसाइनने गुणायचं.

कोन ० अंश : १०० लिटर
कोन ६० अंश : १०० × ०.५ = ५० लिटर
कोन ९० अंश : ० लिटर
कोन १८० अंश : उणे १०० लिटर

उणे म्हणजे पाणी आपण ठरवलेल्या दिशेच्या उलट चाललंय, एवढंच. म्हणून उदाहरण सुरू करतानाच लंब कुठल्या बाजूचा, ते लिहून ठेवा.

३) पृष्ठभाग वाकडा असेल तर?

कोंबड्या झाकायचं डालगं आठवा. पालथं घातलं की त्याची प्रत्येक काडी वेगळ्या दिशेला तोंड करून असते. मग एकच लंब कसा धरणार? त्याचे बारीक बारीक तुकडे करायचे. तुकडा इतका लहान की तो सपाट वाटावा. प्रत्येक तुकड्याचा फ्लक्स काढायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. या बेरजेलाच संकलन म्हणतात. दुसरं काही नाही.

४) आता खरं उदाहरण

डालग्याचं समीकरण : झ = ४ − क्ष² − य², जमिनीच्या वरचा भाग. क्षेत्र : (क्ष, य, झ). लंब वरच्या बाजूचा.

पायरी १ : क्ष च्या दिशेने चढ −२क्ष, य च्या दिशेने −२य. दोघांची चिन्हं बदला आणि शेवटी १ लिहा : (२क्ष, २य, १). याला जमिनीवरच्या तुकड्याच्या क्षेत्रफळाने गुणलं की वरच्या तुकड्याची दिशा आणि आकार दोन्ही मिळतात. एकक लंबातलं वर्गमूळ भागाकारात असतं आणि तिरक्या तुकड्याच्या क्षेत्रफळात तेच गुणाकारात येतं, म्हणून दोन्ही उडतात.

पायरी २ : अदिश गुणाकार करा. २क्ष² + २य² + झ. झ ची किंमत घातली की ४ + क्ष² + य².

पायरी ३ : जमिनीवरची सावली म्हणजे २ त्रिज्येचं वर्तुळ. म्हणून क्ष² + य² = र² घ्या. मिळालं ४ + र².

पायरी ४ : इथेच आमचा गडी अडकला होता. त्याने सरळ ४ + र² चं संकलन केलं आणि उत्तर आणलं ६४ पाय भागिले ३. चूक कुठे? भाकरीचे तुकडे करून बघा. मध्याकडे टोक अरुंद, कडेला रुंद. जितकं मध्यापासून लांब तितका तुकडा मोठा, म्हणून र ने गुणावंच लागतं.

(४ + र²) × र = ४र + र³
संकलन : २र² + र⁴/४
० ते २ : ८ + ४ = १२
पूर्ण फेरीसाठी २ पाय ने गुणा : २४ पाय, म्हणजे सुमारे ७५.४

५) ताळा करा

वजाबाकीचा ताळा आपण बेरजेने करतो, तसा इथे गाउसचा सिद्धांत आहे. बंद पृष्ठातून बाहेर पडणारा एकूण फ्लक्स म्हणजे आतल्या डायव्हर्जन्सची घनफळभर बेरीज. इथे डायव्हर्जन्स १ + १ + १ = ३. डालग्याखालचं घनफळ ८ पाय. गुणाकार २४ पाय. पण डालगं खालून उघडं आहे ना? मग तळ झाकणाने बंद केला असं समजा. तळावर झ = ०, म्हणून तिथून फ्लक्स शून्य. तेव्हा सगळे २४ पाय वरच्या भागाचेच. ताळा जुळला!

हे जुळलेलं पाहून तो वहीकडे बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "बाई, हे तर चौथीत तुम्ही शिकवलेलंच. तुकडे करा, मोजा, मिळवा, ताळा करा." पेपर पुढच्या आठवड्यात आहे. काय होईल ते होईल, पण आता तो प्रश्न सोडून येणार नाही, एवढं नक्की.

स्वाध्याय : याच डालग्यातून (०, ०, १) या क्षेत्राचा फ्लक्स काढा. उत्तर ४ पाय यायला हवं. ते डालग्याच्या गोल तोंडाच्या क्षेत्रफळाएवढंच का येतं, याचा विचार करा आणि आपल्या मुलांनाही विचारा.