गोळ्या संपल्यावरची दोन वर्षं

टीबीच्या गोळ्या संपल्या की आमच्याकडे पेढे वाटतात. वाटावेतच. सहा महिने रोज न चुकता गोळ्या गिळायच्या, तोंडाला चव नाही, सारखी मळमळ, लघवी केशरी झाली म्हणून जिवाला घोर. हे ज्याने काढलं त्याचं तोंड गोड व्हायलाच हवं. पण पेढे वाटून झाले की सगळेच पाठ फिरवतात. रजिस्टरात नावापुढे ‘बरा झाला’ अशी नोंद होते, आशाताईंची फेरी थांबते आणि घरचे म्हणतात, आता लागा कामाला. मला जे सांगायचंय ते ह्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे.

आम्ही इचलकरंजीचे. आमचे हे मागावर, बारा तासांची पाळी. टीबी निघाला, सरकारी गोळ्या पुऱ्या केल्या, शेवटच्या थुंकीत जंतू सापडले नाहीत. तरीही जिना चढताना दम लागायचा. सकाळी उठल्या उठल्या खोकल्याची उबळ यायची आणि पिवळा बेडका पडल्याशिवाय थांबायची नाही. ‘अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू,’ असं जो तो म्हणायचा. वर्ष-दीड वर्ष असंच गेलं आणि एका पहाटे मोरीत चूळ भरताना रक्त पडलं.

जवळच्या एका खाजगी डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला, फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले, “पुन्हा उलटलंय.” थुंकी तपासायला सांगितली नाही, जुना एक्स-रे मागितला नाही. हातात गोळ्यांची चिठ्ठी. पुन्हा तीच मळमळ, तीच केशरी लघवी. सासूबाईंनी ह्यांचं ताट आणि पेला परत वेगळा काढला. मालकाने दोन आठवडे वाट बघून मागावर दुसरा माणूस लावला.

पुढे ह्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले. ह्या गोळ्यांनी काही जणांच्या लिव्हरवर ताण येतो, हे पहिल्या वेळी सिस्टरनी सांगितलेलं डोक्यात होतं, म्हणून थेट मोठा सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या तरुण डॉक्टरने पहिलाच प्रश्न केला, “मावशी, मागचा कोर्स संपला तेव्हाचा एक्स-रे आहे का?” होता. ट्रंकेत रेशनकार्डाच्या खाली होता. दोन्ही फिल्म त्याने शेजारी शेजारी लावल्या. डाव्या फुप्फुसाच्या वरच्या भागातला डाग दोन्हीत जसाच्या तसा, काडीचा फरक नाही. थुंकी सीबीनॅट ह्या मशीनवरच्या तपासणीला गेली, कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायलाही गेली. दोन्हीकडे टीबीचा जंतू नाही. सीटी स्कॅनमध्ये कारण कळलं: जुन्या टीबीने श्वासनलिका आतून खराब होऊन कायमच्या रुंद झाल्या होत्या. त्यांत कफ साचतो, साचला की पिकतो, आणि कधी कधी त्यातूनच रक्त येतं. ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात त्याला. टीबीच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, कावीळ उतरली आणि उपचाराची दिशाच बदलली.

तेव्हापासून ओळखीत कुणाचा कोर्स संपला की आशाताई मला त्या घरी नेतात. मी आधी फाईल मागते. कोर्स संपताना एक्स-रे काढला असेल तर तो जपून ठेवा. काढला नसेल तर आता काढून घ्या. टीबी बरा झाला तरी फुप्फुसावरचा व्रण बहुतेकदा जन्मभर दिसतो, आणि पुढे कुणीही नवा डॉक्टर तो व्रण बघून दचकू शकतो. जुनी फिल्म जवळ असली की तुलना होते. त्याच फाईलमध्ये थुंकीचे सगळे रिपोर्ट, निक्षय ह्या सरकारी टीबी नोंदणीतला आपला नंबर आणि कुठली औषधं कधीपासून कधीपर्यंत घेतली त्याचा कागद हवा. आणि कुणीही नुसत्या एक्स-रेवर पुन्हा गोळ्या सुरू करतो म्हणालं, तर नम्रपणे पण ठाम सांगायचं: आधी थुंकी तपासू या. ज्याला एकदा टीबी होऊन गेलाय त्याची सीबीनॅटही कधी कधी फसवते, कारण मेलेल्या जंतूंचे अवशेषही तिला सापडतात. म्हणून अशा माणसाच्या बाबतीत कल्चर लागतं. निकालाला सहा आठवड्यांपर्यंत वेळ जातो. तेवढ्यात गोळ्या द्यायच्या की थांबायचं, हे मात्र तज्ज्ञ डॉक्टरने ठरवायचं. सुरू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करण्याचा उद्योग कुणीही करू नये.

आमच्या बाबतीत टीबी नव्हता, म्हणून प्रत्येक खोकला जुन्या व्रणाचाच असं धरून बसणं तितकंच घातक. काहींना तो खरोखर परत होतो, आणि होणार असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत. म्हणूनच राष्ट्रीय टीबी कार्यक्रमात कोर्स संपल्यानंतर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी तपासणी सांगितलेली आहे. किती जणांना ही तपासणी माहीत आहे, हे मी घरोघरी विचारलंय. बहुतेक जण माझ्याकडेच बघत बसतात. कुणी बोलावील ह्याची वाट बघू नका. कॅलेंडरवर खूण करा आणि आपणहून जा. दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करा. कारण नसताना वजन उतरायला लागलं, संध्याकाळचा बारीक ताप आला, दोन आठवड्यांवर खोकला रेंगाळला, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं कारण नाही.

दम लागण्याचं काय करायचं, हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि कळलं ते फिजिओथेरपिस्टकडून. आधी फुंकून घेतात ती तपासणी, स्पायरोमेट्री, करून घ्यायची. त्यावरून इन्हेलरचा उपयोग होईल का ते डॉक्टर सांगतात. मग कफ काढायचा. ह्यांना रोज सकाळी चहाच्या आधी, फिजिओने दाखवलं तसं बसवायचं किंवा कुशीवर झोपवायचं, म्हणजे खराब भागातला कफ खाली उतरतो. नंतर तोंड उघडं ठेवून, आरशावर वाफ धरावी तसा ‘हाः’ करून श्वास सोडायचा. खोकून खोकून छाती दुखवून घेण्यापेक्षा ह्याने कफ लवकर सुटतो. कुठल्या बाजूला, कसं झोपायचं हे प्रत्येकाच्या व्रणाच्या जागेवर ठरतं, तेव्हा आमचं बघून करू नका, एकदा शिकून घ्या. जिना चढताना नाकाने श्वास, मग ओठ आवळून सावकाश सोडायचा, आणि मध्ये थांबायचं. थांबण्यात कमीपणा वाटतो, विशेषतः पुरुषांना. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. बिडी सुटली पाहिजे, त्यावर चर्चा नाही. घरात चूल असेल तर तिचा धूरही तितकाच वाईट. मधुमेह लपलेला असतो. टीबीच्या वेळी साखर तपासली असली तरी पुन्हा तपासा.

खाण्याचं मला जास्त बोलायचंय. निक्षय पोषण योजनेचे पैसे आधी महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, पण ते उपचार चालू असेपर्यंतच. वजन भरायला मात्र त्याच्यापुढेही वेळ लागतो. त्यासाठी महागडे प्रोटीनचे डबे आणू नका. अंडी, शेंगदाणे, डाळ, मोड आलेली मटकी, हरभरे, जमेल तेवढं दूध. झारखंडमध्ये टीबीच्या रुग्णांबरोबर त्यांच्या घरच्यांनाही शिधा देऊन एक मोठा अभ्यास झाला, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे घरच्यांना नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. हे मी बायकांना मुद्दाम सांगते, कारण आजाऱ्याला अंडं देऊन स्वतः चहा-चपातीवर भागवणारी बाई प्रत्येक घरात असते, आणि तीच रात्रभर त्याच्या खोलीत असते.

कामाचं कोडं आमचं अर्धंच सुटलं. सुताच्या धुळीत परत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, आणि ह्यांना तर मागाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. शेवटी कापड तपासायचं काम मिळालं. मजुरी कमी आहे, पण बसून आहे आणि धूळही कमी. अशा वेळी डॉक्टरांकडून हलकं काम द्यावं असं लेखी घ्या. तोंडी सांगितलेलं कुठलाही मालक मनावर घेत नाही.

सासूबाईंनी वेगळा काढलेला ह्यांचा पेला परत एकत्र व्हायला त्या तरुण डॉक्टरचेच शब्द लागले. आमचं कुणी ऐकलं नसतं. उपचार पुरा झालेल्या माणसाची भांडी वेगळी ठेवण्याला काहीही आधार नाही, हे घरातल्या मोठ्या माणसाला डॉक्टरच्याच तोंडून ऐकवा. त्यासाठी त्यांना एकदा सोबत न्या. ह्या वेगळ्या पेल्यानेच हे पारावर जायचे बंद झाले होते, रात्र रात्र जागे असायचे. माणूस गप्प झाला, भूक असून जेवेना, ‘माझा भार झालाय’ असं बोलायला लागला, तर तोही आजारच समजा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

औषधांना दाद न देणारा, एमडीआर टीबी ज्यांना झाला होता, त्यांनी दोन गोष्टी जास्त बघाव्यात. पूर्वी त्यात जी इंजेक्शनं देत त्यांनी काहींचे कान गेले. त्यांना ऐकण्याचं यंत्र लागू शकतं, ‘लक्ष देत नाही’ म्हणून रागावू नका. लिनेझोलिड घेतलेल्यांनी पायाच्या मुंग्या आणि नजर ह्यांकडे दुर्लक्ष करू नये.

रक्ताबद्दल. बेडक्यात एखादी रेघ दिसली तरी त्याच दिवशी दाखवा. घोटभर आलं, थांबत नाही, किंवा श्वास कोंडायला लागला, तर ओपीडीची वेळ बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. गाडी येईपर्यंत माणसाला उताणं झोपवू नका. व्रण कुठल्या बाजूला आहे ते माहीत असेल तर ती बाजू खाली करून कुशीवर ठेवा, म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात उतरत नाही. आमच्या घरी ती बाजू डावी आहे, हे फाईलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आणि धाकट्या पोराला वाचायला लावून पाठ करून घेतलंय. बाकी शंका असतील तर निक्षयचा मोफत नंबर आहे, १८००-११-६६६६.