मिन्स पायमधलं मांस गेलं कुठे?

प्रश्न : मुलगी लंडनला असते. तिथे नाताळात ‘मिन्स पाय’ खातात. सारणात मनुका, सफरचंद, मसाले; पण बरणीवर लिहिलेलं असतं ‘मिन्समीट’! आम्ही शाकाहारी आहोत. यात मांस असतं का? आणि सफरचंद घातलेलं सारण महिनोन्‌महिने टिकतं कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : शंका अगदी रास्त आहे. आज त्यात मांस नसतं, पण पूर्वी असायचं. जर्व्हेस मार्कम याच्या १६१५ सालच्या ‘द इंग्लिश हसवाइफ’ या पुस्तकातल्या कृतीत बारीक चिरलेलं मटण आहे आणि त्याच सारणात बेदाणे, खजूर, लवंग, जायपत्रीही आहे. तेव्हाच्या इंग्लंडात तिखटमिठाचा आणि गोडाचा संसार असा एकत्रच असे. पुढे कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या श्रमांवर उसाचे मळे उभे राहिले, अठराव्या शतकात साखर स्वस्त झाली आणि पाय गोडाकडे झुकला. १७४७ मध्ये हॅना ग्लास आपल्या पाककृतींच्या पुस्तकात मांस घालायचं की नाही हे करणारीवर सोडते. मिसेस बीटनच्या १८६१ च्या गृहव्यवस्थापनावरच्या ग्रंथात मात्र गोमांसाची आणि बिनमांसाची अशा दोन्ही कृती शेजारी शेजारी आहेत. म्हणजे मांस एका रात्रीत गेलं नाही.

आणि ते पुरतं गेलेलंही नाही. पारंपरिक सारणात आजही ‘सुएट’ घालतात. गुरांच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची ती कडक चरबी. तेव्हा मुलीला सांगा, बरणीवरचे घटक वाचल्याशिवाय घेऊ नकोस. वनस्पती तेलापासून केलेलं सुएटही तिथे सर्रास मिळतं.

आता टिकण्याचं. भरपूर साखर आणि सुकामेवा मोकळं पाणी धरून ठेवतात, लिंबाचा आंबटपणा आणि ब्रँडी जंतूंना वाढू देत नाहीत. कच्चा दुवा एकच, ताजं सफरचंद. त्याचा रस सुटला की सारण फसफसतं. म्हणून जाणकार बायका सारण रात्रभर मुरवतात आणि मग अगदी मंद ओव्हनमध्ये दोन-तीन तास ठेवतात. चरबी वितळून सफरचंदाच्या प्रत्येक फोडीवर तिचा लेप बसतो आणि रस आतच राहतो. गरम असताना सारण चरबीत थबथबलेलं दिसतं, त्याला घाबरू नये. गार होताना ढवळत राहिलं की सगळं मिळून येतं.

घरी करायचं असेल तर सुएटऐवजी लोणी फ्रीजरमध्ये कडक करून किसून घाला. ब्रँडीऐवजी संत्र्याचा रस चालेल, पण मग ते सारण फ्रीजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा. पारीचं तंत्र मात्र करंजीच्या उलट. तिथे कडकडीत मोहन, इथे थंडगार लोणी. मैद्याच्या निम्मं लोणी बोटांच्या टोकांनी चोळून रव्यासारखं करायचं, चमचा-दोन चमचे बर्फाच्या पाण्यात गोळा बांधायचा, फार मळायचा नाही. मळला की पारी चिवट होते. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून लाटा, मफिनच्या साच्यात बसवा. सारण काठाच्या खालीच ठेवा, उकळून बाहेर आलेली साखर साच्याला अशी चिकटते की पाय अख्खा निघत नाही. झाकणाला वाफेसाठी चीर द्या, २०० अंशांवर वीसेक मिनिटं भाजा.